दोन पूरक रंगांत केलेलं चित्र मळकट होतंय? तपासणी कुठून सुरू करायची

दोनच पूरक रंग, म्हणजे रंगचक्रावर समोरासमोर येणारे, आणि जोडीला पांढरा घेऊन चित्र करायला बसलं की एक तक्रार हमखास येते: "सगळं मळकट झालं." निळा-नारिंगी असो, लाल-हिरवा असो की पिवळा-जांभळा, तक्रार तीच. अशी चित्रं आणि त्यांच्या शेजारची पॅलेट मी खूप बघितली आहेत आणि कारणं फिरून फिरून तीच निघतात.

आधी लक्षण ओळखा

- ओलं असताना चित्र ठीक होतं, सुकल्यावर सगळे भाग एकाच राखाडी-तपकिरीत बुडाले.
- दोन रंग मिसळल्यावर राखाडी येण्याऐवजी हिरवट, शेवाळी किंवा जांभळट रंग येतो.
- सावल्या गडद होत नाहीत. कितीही थर दिले तरी मधल्याच उजेडात अडकतात.
- पांढरा घातला की रंग खडूसारखा कोरडा आणि निळसर होतो.
- एका रंगाने दुसऱ्याला गिळून टाकलं आहे.
- दोन शुद्ध रंग शेजारी आले तिथे कड थरथरते आणि नजर तिथेच खिळते.
- पॅलेटवर बरोबर वाटलेला राखाडी चित्रात भलताच दिसतो.
- रात्री केलेलं काम सकाळी वेगळंच वाटतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करू. रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेतं आणि उरलेला परत पाठवतं. दोन रंगद्रव्यं मिसळली की दोघांनीही न शोषलेला भागच डोळ्यापर्यंत येतो. पूरक जोडीत एकाने सोडलेलं दुसरा शोषतो, म्हणून मिश्रण राखाडीकडे किंवा काळ्याकडे जातं. त्यामुळे राखाडी येणं हा बिघाड नाही, त्यासाठीच आपण ही जोडी निवडतो. बिघाड होतो तो एकच राखाडी चित्रभर पसरल्यावर. चित्रातलं जवळजवळ प्रत्येक मिश्रण कुठल्या तरी एका रंगाकडे कललेलं हवं: हा राखाडी निळ्याकडचा, तो नारिंगीकडचा. हा कल हरवला की मळकटपणा आला. खालच्या बहुतेक तपासण्या कल कुठे हरवला हे शोधण्यासाठीच आहेत.

१. दिवा आणि पाणी

पिवळसर बल्बखाली निळा मंद पडतो आणि नारिंगी उठून दिसतो. साहजिकच हात निळा जास्त घालतो आणि सकाळी चित्र थंडगार दिसतं. चित्र दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी नेऊन बघा. तिथे ते ठीक दिसलं तर रंगांत काहीच बिघडलेलं नाही, बदलायचा आहे तो दिवा. ५००० ते ६५०० केल्विनचा, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) ९० किंवा त्याहून जास्त असलेला दिवा घ्या. तोच उजेड पॅलेटवर आणि चित्रावर सारखा पडला पाहिजे. चित्र उजेडात आणि पॅलेट सावलीत असेल तर मिश्रण जुळणारच नाही.

पाण्याचं तर आणखी सोपं. जलरंगात एकाच भांड्यात दोन्ही पूरक रंगांचे ब्रश धुतले की ते पाणी स्वतःच राखाडी होतं आणि पुढचा प्रत्येक शुद्ध रंग त्यात भिजून येतो. तीन भांडी ठेवा: एक निळ्या ब्रशचं, एक नारिंगी ब्रशचं, एक स्वच्छ पाण्याचं. तैलरंगात हाच दोष कापडातून आणि ब्रशच्या मुळाशी साचलेल्या रंगातून येतो. प्रत्येक रंगाला वेगळा ब्रश ठेवला तर अर्धी तक्रार इथेच मिटते. ट्यूब बदलण्याआधी हे करून बघा.

२. डोळे किलकिले करून उजेड-अंधार बघा

मळकट म्हणून दाखवलेली बरीच चित्रं रंगामुळे बिघडलेलीच नसतात. त्यांत सगळे रंग एकाच मधल्या उजेडाचे, म्हणजे ना उजळ ना गडद, असतात. डोळे किलकिले करा. चित्रात तीन ठळक पायऱ्या, म्हणजे उजळ, मधली आणि गडद, वेगळ्या दिसतात का? सगळा एकच धूसर पट्टा दिसत असेल तर रंगात हात घालू नका. सर्वांत गडद जागा आणखी गडद करा, सर्वांत उजळ जागा मोकळी करा आणि पुन्हा बघा.

मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढूनही हे दिसतं, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. वेगवेगळे फिल्टर भडक लाल आणि निळ्याला वेगवेगळ्या उजेडाचं दाखवतात. किलकिले डोळे जास्त भरवशाचे.

जोडीचा स्वभावही इथे कामाला येतो. पिवळा-जांभळ्यात उजेडाचं अंतर सर्वांत मोठं, म्हणून त्या जोडीत उजेड-अंधार आपोआप मिळतो. लाल आणि हिरवा साधारण सारख्याच उजेडाचे. त्यामुळे लाल-हिरव्याचं चित्र सपाट होण्याचा धोका सर्वांत जास्त आणि तिथे पायऱ्या मुद्दाम आखाव्या लागतात. निळा-नारिंगीत उष्ण-शीत फरक सर्वांत ठळक असतो. नव्याने सुरू करणाऱ्याला मी हीच जोडी सांगते.

३. ट्यूबची मागची बाजू वाचा

ट्यूबवर नावाखाली बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा कोड असतो. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे थॅलो निळा, पीजी ७ म्हणजे थॅलो हिरवा. एकाच ट्यूबवर दोन-तीन कोड असतील तर ती ट्यूब आधीच मिश्रण आहे. नावात 'ह्यू' असेल तर आत दुसरीच रंगद्रव्यं वापरून तो रंग जुळवलेला असतो. दोन रंग म्हणून घेतलेल्या जोडीत अशा वेळी प्रत्यक्षात चार-पाच रंगद्रव्यं मिसळतात. रंगद्रव्यं जितकी जास्त, तितका जास्त प्रकाश शोषला जातो आणि मिश्रण तितकं निस्तेज होतं. दोन्ही ट्यूब एकेका कोडच्या असू द्या.

निळ्यासमोर नारिंगीच्या जागी घेतला जाणारा तपकिरी रंग म्हणजे बर्न्ट सिएना. त्याच्या बाबतीत तर हे आवर्जून बघा. काही कंपन्या त्यात पीबीआर ७ घालतात, काही पीआर १०१. नाव तेच, पण एक नारिंगीकडचा असू शकतो आणि दुसरा लालसर. लालसर निघाला तर अल्ट्रामरीनबरोबर राखाडीऐवजी जांभळट राखाडी येईल आणि दोष उगाच निळ्यावर जाईल.

त्याच जागी काही कंपन्या एक छोटा चौकोन छापतात. रिकामा चौकोन पारदर्शक रंगाचा, भरलेला अपारदर्शक रंगाचा, अर्धा भरलेला मधला. सावल्या गडद होत नसतील तर उत्तर बहुतेक वेळा या चौकोनात सापडतं. अल्ट्रामरीन आणि पारदर्शक बर्न्ट सिएना दाट लावले की काळ्याच्या अगदी जवळ जातात. तीच रचना कोबाल्ट निळा आणि कॅडमियम नारिंगीत केली तर दोन्ही रंग मुळातच मध्यम उजेडाचे, त्यात कॅडमियम अपारदर्शक, त्यामुळे खोल काळोख येतच नाही. थर वाढवून उपयोग नाही, जोडी बदलावी लागेल. किंवा चित्रच उजळ पट्टीत ठरवावं लागेल, तेही छान होतं.

४. जोडी खरंच पूरक आहे का? पट्टी काढून बघा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. रंगचक्रावर समोरासमोर आहेत म्हणून दोन ट्यूब मिसळल्यावर राखाडी येईलच असं नाही. चक्र नावांचं असतं आणि आपण मिसळतो ती रंगद्रव्यं. प्रत्येकाचा शेजारच्या रंगाकडे थोडा कल असतो.

चांगल्या कागदाचा तुकडा घ्या. त्यावर एका ओळीत नऊ चौकोन आखा. डावीकडच्या टोकाला शुद्ध अल्ट्रामरीन, उजवीकडच्या टोकाला शुद्ध बर्न्ट सिएना. मधल्या चौकोनांत एकाचं प्रमाण कमी करत दुसऱ्याचं वाढवत जा. पायऱ्या डोळ्याला सारख्या वाटल्या पाहिजेत. मापाने सारखं प्रमाण घेऊन त्या येत नाहीत, कारण रंगांची ताकद वेगवेगळी असते. ओळ पूर्ण झाली की प्रत्येक चौकोनाच्या खाली त्याच मिश्रणाचा फिका पट्टा ओढा: जलरंगात पाणी घालून, तैलरंग किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये थोडा पांढरा घालून.

या फिक्या पट्ट्यातच खरी गोष्ट दिसते. दाट मिश्रण नुसतं काळं दिसतं, त्यात काय दडलंय ते कळत नाही. तेच फिकं केलं की मधल्या चौकोनाखाली स्वच्छ राखाडी आहे, हिरवट झाक आहे की जांभळट, ते लगेच समोर येतं. जलरंगात पट्टा सुकताना जवळून बघा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि त्यांच्याभोवती सिएनाचा तांबूस रंग वेगळा पडतो. एकाच राखाडीत निळे ठिपके आणि उबदार कडा दोन्ही दिसतात. हे फुटणं काही जणांना दोष वाटतं, मला ते या जोडीचं वैभव वाटतं. दगडी भिंत, ढगाचं पोट, ओली वाळू त्यातून फुकट मिळते.

आता दोष कसा वाचायचा ते बघा. मधला राखाडी हिरवट येत असेल तर तुमचा निळा हिरव्याकडे कललेला आहे किंवा नारिंगी पिवळ्याकडे. थॅलो निळ्याबरोबर हे नेहमीचं. थॅलो निळा थोडा हिरवा प्रकाश परत पाठवतो, पिवळसर नारिंगीही पाठवतो आणि तो समाईक हिरवा मिश्रणात शिल्लक राहतो. तिथे तिसरा रंग ओतून झाक मारत बसू नका. निळा बदलून अल्ट्रामरीन घ्या, नाहीतर नारिंगी लालसर घ्या. मधला जांभळट येत असेल तर उलट करा: निळा थोडा हिरव्याकडचा किंवा नारिंगी पिवळ्याकडचा.

लाल-हिरव्याची पट्टी काढाल तर थॅलो हिरव्यासमोर अलिझरिन क्रिमसन किंवा क्विनाक्रिडोन गुलाबी-लाल ठेवा. त्यांतून जवळजवळ काळा मिळतो. त्याच हिरव्याला केशरी झाकेचा कॅडमियम लाल दिला तर तपकिरी येतो. तो वाईट नाही, पण तुम्हाला राखाडी हवा असेल तर हाती लागणार नाही. एक इशारा मात्र देते. जुना अलिझरिन, म्हणजे पीआर ८३, उजेडात फिका पडतो. ठेवायच्या चित्रात तो नको. त्या जागी क्विनाक्रिडोन घ्या.

पिवळा-जांभळ्यात शेवाळी रंग येण्याचं कारणही हेच. जांभळा निळ्याकडचा आणि पिवळा लिंबासारखा असेल तर दोघांमध्ये हिरवा उरतो. जांभळा लालसर घेतला की मिश्रण तपकिरी, मातकट सोनेरी होतं आणि बहुतेक चित्रांना तेच हवं असतं.

ही पट्टी फेकू नका. मागे दोन्ही कोड लिहून ठेवा. पुढच्या चित्राला बसताना ती समोर टाचली की निम्म्या शंका आधीच सुटतात.

५. कोण कोणाला गिळतंय

थॅलो हिरवा, थॅलो निळा आणि डायऑक्साझीन जांभळा हे फार ताकदवान रंग. त्यांचा टिपूसही शेजारच्याला झाकून टाकतो. मिसळताना कमजोर रंग आधी पॅलेटवर घ्या आणि ताकदवान रंग त्यात ब्रशच्या टोकाने घाला. उलट केलंत तर कमजोर रंग घालता घालता ढीग वाढत जातो, ट्यूब संपते आणि झाक मात्र तिथेच राहते. पिवळा-जांभळ्यात तर पिवळ्यालाच जपावं लागतं. जांभळ्याचा एक ठिपका पडला की पिवळा मेला.

गिळणं चित्राच्या पातळीवरही होतं. दोन्ही रंगांना अर्धं-अर्धं चित्र दिलं की एकही मुख्य होत नाही. जर्मन कवी गटे याच्या नावावर रंगांच्या उजेडाचे आकडे सांगितले जातात: पिवळा ९, नारिंगी ८, लाल आणि हिरवा ६, निळा ४, जांभळा ३. क्षेत्रफळ या आकड्यांच्या उलट प्रमाणात ठेवलं की तोल साधतो, असा त्यावरचा हिशोब. त्यानुसार पिवळ्याच्या तिप्पट जांभळा, नारिंगीच्या दुप्पट निळा आणि लाल-हिरवा समसमान. हे आकडे शुद्ध रंगांसाठी आहेत, आणि मी ते फक्त सुरुवातीचा अंदाज म्हणून धरते. माझ्या अनुभवात तोल साधण्यापेक्षा तो मुद्दाम मोडणं जास्त कामी येतं. निळ्याकडे कललेलं मोठं चित्र आणि त्यात नारिंगी अगदी थोड्या जागी पण शुद्ध, एवढ्यानेच बरीच मळकट चित्रं जागी होतात.

६. पांढऱ्याचा हिशोब

टायटॅनियम पांढरा उजळ करतो, पण सोबत रंगाला थंड आणि निस्तेजही करतो. नारिंगीकडच्या राखाडीत पांढरा घातला की तो पटकन निळसर वाटायला लागतो. म्हणून पांढऱ्यानंतर उष्ण रंगाचा अगदी थोडा भाग परत घाला. प्रत्येक मिश्रणात सवयीने पांढरा जात असेल तर एक चाचणी घ्या. चित्राचा एक छोटा तुकडा पांढरा न घालता, रंग पातळ करून करा. तिथे रंग जिवंत वाटला तर खडूपणा पांढऱ्यामुळेच होता. जलरंगात शक्यतो पांढरी ट्यूब बंदच ठेवा, कागदाचा पांढरा पुरेसा असतो. तैलरंगात खडूपणा टाळायला कुणी झिंक पांढरा सुचवतात. तो पारदर्शक आणि सौम्य आहे खरा, पण तेलात त्याचा थर कालांतराने ठिसूळ होतो. मुख्य पांढरा म्हणून तो वापरू नका.

७. पॅलेटवर बरोबर, चित्रात चूक

ही अडचण रंगकामाच्या इतिहासात नोंदवलेली आहे. पॅरिसच्या गोबेलँ या विणलेल्या भिंतीपडद्यांच्या कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणाऱ्या मिशेल शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. त्याने तपासलं तेव्हा धाग्याची रंगाई ठीक निघाली. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे काळा तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्याने यावर सविस्तर लिहिलं. आपल्या चित्रात नेमकं हेच घडतं: नारिंगीने वेढलेला अगदी तटस्थ राखाडी निळा दिसतो आणि निळ्याने वेढलेला तोच राखाडी तांबूस.

म्हणून मिश्रण कोऱ्या पॅलेटवर पारखू नका. कागदाच्या कपट्यावर लावा, कपटा चित्रातल्या त्या जागेवर धरा आणि मग ठरवा. याचा एक फायदाही आहे. नारिंगी छतामागच्या आकाशाला फार निळा लागतच नाही, स्वच्छ राखाडी तिथे निळाच दिसतो. शुद्ध निळा मग खऱ्या गरजेच्या जागेसाठी उरतो.

थरथरत्या कडेचा उपायही इथेच. सारख्याच उजेडाचे दोन शुद्ध पूरक रंग थेट भिडले की डोळ्याला त्रास होतो. एकाचा उजेड बदला किंवा दोघांच्या मधे त्यांच्याच राखाडीची बारीक रेघ जाऊ द्या.

८. जास्त हात फिरवणं

दोन्ही रंग ओले असताना कागदावरच घोळत राहिलं तर ते शेवटी समान मिसळतात आणि कल जातो. पॅलेटवरच नीट मिसळा आणि चित्रात तो फटकारा टाकून सोडून द्या. किंवा मुद्दाम अर्धवट मिसळलेला रंग लावा, म्हणजे एकाच फटकाऱ्यात दोन्ही रंग दिसतील. जलरंगात पहिला थर हाताला थंड लागत असेल तर तो अजून ओला आहे. त्यावर पूरक रंग चढवू नका.

सुकताना होणारा बदलही धरून चाला. जलरंग फिका होतो. अ‍ॅक्रिलिक गडद होतो, कारण त्याचं माध्यम ओलं असताना दुधाळ आणि सुकल्यावर पारदर्शक असतं. तैलरंगात गडद भाग मॅट आणि राखाडी पडले असतील तर बहुधा खालच्या थराने तेल ओढून घेतलं आहे. वरचा थर हाताला सुका लागत असेल तर त्या जागी माध्यमाचा अगदी पातळ हात फिरवून बघा. रंग लगेच खोल झाला तर मिश्रणात दोष नव्हता.

कुठे थांबायचं

एकाच जागेवर तीन-चार वेळा थर देऊनही ती सुधारत नसेल तर आणखी थर देऊ नका. तैलरंग असेल तर पॅलेट नाइफने खरवडून काढा. जलरंगात कागदाचे तंतू उठायला लागले की तो कागद संपला, दुसरा घ्या. सुकलेला कॅडमियमयुक्त रंग घासकागदाने घासू नका, ती धूळ छातीत जाणं धोक्याचं आहे.

दिवा, ट्यूब, पट्टी सगळं ठीक आहे आणि तरी लाल-हिरव्याची पट्टी तुम्हाला सरळ एकसारखी दिसते, बाकीच्यांना मात्र त्यात फरक दिसतो? मग डोळे तपासून घ्या. इशिहाराच्या ठिपक्यांच्या चाचणीत लाल-हिरव्याची अडचण कळते. ती अनेकदा जन्मजात असते, पुरुषांत जास्त आढळते आणि तिच्यामुळे चित्र काढणं थांबत नाही. निळा-नारिंगी जोडी घेऊन उत्तम काम होतं. पण रंग अलीकडेच बदलून दिसू लागले असतील, एका डोळ्याने वेगळे दिसत असतील किंवा निळा हळूहळू मंद, पिवळट वाटत असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे लवकर जा. मोतीबिंदूत असं होतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या रंगांवर त्याचा परिणाम झाला होता आणि १९२३ मध्ये त्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.

आणि चित्र जुनं, कुणी जपून ठेवलेलं किंवा मोलाचं असेल, मळकटपणा वरच्या व्हार्निशचा आहे असं वाटत असेल किंवा रंग तडकून सुटत असेल, तर घरी काहीही लावू नका. ओलं कापडही नको. काम चित्रसंवर्धकाचं आहे. त्याच्याकडे नेताना चित्र गुंडाळी न करता, रंगाची बाजू वर ठेवून आडवंच न्या आणि निखळलेले कण एका पाकिटात घालून सोबत द्या.